तांब्याच्या प्लेटवरची आई

आई, दादाला तू सापडली नाहीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिथं वर देवाघरी तुझा जीव भांड्यात पडेल.

झालं असं, की तू ज्या चित्रशाळेत झाडलोट करायचीस, तिथल्या सरांनी छापलेल्या चित्रांचं सांगलीत प्रदर्शन लागलंय. त्यातल्या एकाचा फोटो कुणीतरी दादाला मोबाईलवर पाठवला. बसलेली बाई, अंगावर सूत नाही, आणि खाली प्रश्न, "ही तुमची आई काय?" दादाच्या लेकीचं लग्न ठरत आलंय. तो कराडहून तणतणत निघाला, मलाही गाडीत घातलं. वाटभर एकच, "तीच असली तर काच फोडून फाडून टाकतो." मला तर हसूच येत होतं गं. पदर जरा ढळला तरी "लाज इकून खाल्लीस व्हय, कार्टे?" म्हणून पाठीत धपाटा घालणारी तू!

शेवटी आम्ही त्या चित्रासमोर उभे राहिलो. बारीक काळ्या रेघांची बाई, केस मोकळे, तोंड अर्धं वळवलेलं. दादा काचेला नाक लावून बघत होता. एकदम त्यानं श्वास सोडला. "न्हाई गं! तेलानं भाजलेला आईचा डाग डाव्या खांद्यावर हुता. हिचा बघ, उजव्या. ही आपली आई न्हाई!" आणि एवढा बाप्या चारचौघांत रडायला लागला. "तिच्याबद्दल लय वंगाळ आलं मनात," म्हणाला, आणि तोंड धुवायला बाहेर गेला. चित्राखालच्या पेटीत, ज्या तांब्याच्या प्लेटवरून ते छापलं ती ठेवली होती. दादानं तिकडं बघितलंच नाही. तिथली मुलगी मला म्हणाली, "प्लेटवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, काकू. डाव्याचं उजवं होतं." मी वाकून बघितलं. प्लेटवर डाग डाव्या खांद्यावर होता.

दादाला बोलले नाही. त्याच्या लेखी तू धुतल्या तांदळासारखी आहेस, राहू दे. माझ्याही लेखी तशीच आहेस, अंगावर लुगडं असो वा नसो. हे पत्र त्याच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. तेव्हा खरं सांगते. मला लाज नाही वाटली, राग आला. घरात तुला बसलेली मी कधी पाहिलीच नाही. भाकरीसुद्धा उभ्यानंच खायचीस. मांडीवर डोकं टेकायला आले की म्हणायचीस, "सर बाजूला, कामं पडल्यात." आणि तिथं, त्या परक्या माणसापुढं, मांडीवर हात टाकून किती निवांत बसली होतीस गं! मला त्या सरांचा हेवा वाटला, आई.