भिंगरीचा लाँड्रीतला मुक्काम

५ जून
चि. धाकट्यास पोटभर आशीर्वाद.

नाही रे, भिंगरी रडली-बिडली नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस म्हणावं तुझ्या बायकोला. लेक सोळाची झालीय, दूधपिती नाही. आल्या आल्या मला म्हणाली, आत्या, दहावी झाली, आता पुस्तकाचं तोंड बघायचं नाही, तुझ्या लाँड्रीतच काम करणार. म्हटलं, कर की!

आपलं ठरलं होतं तसं भिंगरीला पहिल्याच दिवशी इस्त्रीला जुंपली. चादरीच दिल्या. संध्याकाळी हाताला फोड, पायाला गोळे. वाटलं, आता म्हणेल कॉलेज परवडलं. तर बया म्हणते, उद्या लवकर उठव. हट्टात तुझ्यावर गेलीय. फरक इतकाच, तू काम टाळायला हट्ट करायचास.

आता कॉलरला आतून दोरा घालायला शिकवतेय. गिऱ्हाईक तसा दोऱ्याचा रंग, म्हणजे कपड्यांची अदलाबदल होत नाही. तिला ते फार किचकट वाटतं.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१४ जून
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुला मौज वाटते, इथे आमची झोप उडालीय. कॉलेजचे प्रवेश तीस तारखेला बंद होतात. मग वर्ष गेलंच म्हणायचं. तिला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मला शिकायचं होतं तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. हिला शिकवतोय, तर हिला नको.

तू तिला लाडावून ठेवू नकोस. ती हो म्हणेल त्याच दिवशी तार कर, मी न्यायला येतो.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा

२८ जून
चि. धाकट्यास आशीर्वाद.

लाडावून ठेवते म्हणे! अरे, तुझ्या लेकीने गेल्या आठवड्यात माझं दुकान बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. दोऱ्याचा कंटाळा आला म्हणून मला न विचारता सगळ्या पांढऱ्या शर्टांना शाईने खुणा केल्या. धुण्यात शाई गेली. शर्टांचा हा ढीग, आणि कुठला कुणाचा, देव जाणे. शेवटी गिऱ्हाइकं दुकानातच शर्ट चढवून बघायला लागली. पोस्टमास्तरांच्या पोटावर बटण बसेना. न्हाव्याने एक स्वतःचा म्हणून घातला, तर हात बाह्यांतून बाहेरच येईनात! मी तोंडात बोळा कोंबून हसत होते.

ती नाही हसली. एकेकाची माफी मागितली. मग भांडी विसळताना म्हणाली, आत्या, मला घरी जायचंय. चुकलं म्हणून नाही, पण रोज तेच शर्ट, तेच डाग. जन्मभर हे नाही जमायचं. कॉलेजात जाते.

आज तिला बसमध्ये बसवतेय. हे पत्र तीच तुझ्या हाती देईल. प्रवेशाला धावपळ होईल, तिच्यावर ओरडू नकोस. उशीर तिने केला नाही. आता खरं काय ते वाच, मग माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

कॉलेजात जाते म्हणाली, त्याच दिवशी ती निघायला तयार होती. बाबांना तार केलीय, येतीलच, असं मी तिला रोज सांगत राहिले. तार केलीच नव्हती. मला ती जायला नको होती.

तुझी ताई