सगुणाताईंचा निळा कोट

ती. दौलतदादास सादर नमस्कार. विठ्ठलवाडीला सगळे ठीक असालच. वहिनीचा गुडघा आणि तुझं शिलाई मशीन, दोन्ही कुरकुर न करता चालोत.

तू शिवलेले निळे कोट माजिवड्यात पोहोचले. घरोघरी फिरणाऱ्या आमच्या आशाताई आरोग्य यंत्रणेचा भाग दिसल्या पाहिजेत, असं साहेबांचं म्हणणं (भाग असणं ही पुढची पायरी, ती सवडीने). कोटाची कल्पना माझी. त्यांच्यावर देखरेख करायला मला नेमलंय, मग काहीतरी सुचायला नको? त्यांच्यातल्या सगुणाताई कोट घालून गल्लीत शिरल्या आणि पटापट दारं बंद झाली. अतिक्रमणं पाडायला येणाऱ्या पालिकेच्या माणसांचे कोट हुबेहूब असेच असतात, हे तुला तरी ठाऊक होतं का रे? इथे घराघरावर एखादा मजला हळूच चढलेला. सगुणाताईंना तिकडे नोकरी लागली, अशी आवई उठली. कालपर्यंत थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाणाऱ्या बाईकडे आता खिडकीतूनही कोणी बघेना.

एरवी हसून सोडलं असतं, पण त्या गल्लीत विमलाबाईंची सून कल्पिता राहते. नववा महिना, मागच्या तपासणीत रक्तदाब चढलेला, आणि दवाखान्याचं नाव काढलं की रडते. ऐकते फक्त सगुणाताईंचं. म्हणून देखरेखीला मी स्वतः गेले, अर्थात कोट घालून. दोन कोट बघून विमलाबाईंनी आतूनच सांगितलं, "घरान कोनी नाय. वरचा माला जुना हाय." सगुणाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कोट काढून माझ्या हातात दिला आणि मागच्या दाराशी जाऊन हाक मारली. दार उघडलं. मी पुढे उन्हात, एक कोट अंगात, एक हातात, देखरेख करत उभी. थोड्या वेळाने कल्पिताला धरून त्या बाहेर आल्या आणि तिला रिक्षात बसवलं. रक्तदाब भलताच वाढला होता. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. अहवालात मी लिहिलं, गणवेशामुळे समन्वय सुधारला.

तुझी,
निशिगंधा

ता. क. अहवालावर साहेब इतके खूश झाले, की आता उरलेल्या सगळ्या आशाताईंनाही कोट. तेव्हा शिवणं थांबवू नकोस.

ता. क. आणखी एक, आणि खरं काम हेच. सगळ्या कोटांना टिचबटणं लाव, दारात एका झटक्यात निघतील अशी. माझ्या कोटाला आधी. बारशाचं बोलावणं आलंय, आणि विमलाबाईंनी बजावलंय, "त्यो कोट घालून आलीस त घरान कोनी नाय."