श्लोकाआधीचं श्रीखंड

गुरुवार, ९ फेब्रुवारी २००६

नाही म्हणजे नाही, पोटात सुई खुपसणार नाही — असं जॅनेटला ठणकावून सांगितलं. जॅनेट म्हणजे आमच्या सर्जरीतली, डॉक्टरांच्या दवाखान्यातली, डायबिटिसची नर्स. तिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातात पेन दिलं, आणि मी सुई खुपसली! पेन म्हणजे खरंच पेनासारखं, खिशाला लावलं तर कारकून वाटावं.

गोळ्यांनी इतकी वर्षं निभावलं, आता भागत नाही. रोज जेवायच्या आधी इन्शुलिन. दुखलं का? काडीइतकंही नाही. त्याचाच जास्त राग आला. निदान दुखलं असतं तर घरी येऊन सांगता तरी आलं असतं.

'टोचलं की लगेच जेवायचं हं. नो हँगिंग अबाउट,' जॅनेट दारापर्यंत येऊन पुन्हा म्हणाली.

घरी राजीव कौतुकाने बघायला आला आणि सुई दिसताच फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. 'झालं का? झालं का गं?' टोचतेय मी, घाम नवऱ्याला!

शनिवार, ११ फेब्रुवारी

ठरलं. इथल्या मराठी मंडळात कोणाला कळता कामा नये.

देवस्थळींचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी भोळेपणाने बोलून बसले, 'मला डायबिटिस निघालाय.' तेव्हापासून त्यांच्या पानात साखरेचा कण पडलेला नाही. मी स्वतः वाढायला असते ना! मागून येणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत आवाजात बजावते — 'देवस्थळींना गोड नको गंऽ!' हॉलच्या पार टोकाला ऐकू जातं. काळजी घ्यायलाच हवी माणसाची. पण ती मी घेणं वेगळं आणि माझी घेतली जाणं वेगळं.

आणि गोडाचं पातेलं! लंडनजवळ पिनरला राहायला आल्यापासून मंडळाच्या प्रत्येक जेवणात ते माझ्याच हातात असतं. 'सुप्रभाच्या तावडीतून कोणी सुटत नाही' अशी ख्याती आहे माझी. कळलं की पहिलं ते पातेलं जाणार. मग कारल्याचा रस, मग जांभळाच्या बियांची पूड, मग माझ्याकडे बघून मान तिरकी करणं आणि 'बिच्चारी!'

बाकी सगळं सोसेन. बिच्चारी नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

वॉटफर्डच्या शाळेचं आमचं ऑफिस मोठं छान, पण टॉयलेट म्हणजे उभं कपाट. एका हातात पेन, दातात टोपण, हनुवटीखाली स्वेटर दाबलेला, ट्राउझर्स गुडघ्यावर. बाहेरून शेजारच्या टेबलावरची पॅट — 'यू ऑल राइट इन देअर, लव्ह?'

तोंडात टोपण धरून 'येस' म्हणून बघावं कोणीतरी.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

शोध लागला! साडी!

आज ऑफिसात कॉटनची साडी नेसून गेले. पोट आपोआप हजर, वरून पदराचा पडदा. टेबलाशी बसल्या-बसल्या, एका हाताने सँडविच उघडत, दुसऱ्या हाताने पदराआड टोचून मोकळी! समोर हेडटीचर उभी होती, तिलाही पत्ता नाही. आपल्या बायकांनी शेकडो वर्षांपूर्वी सगळी सोय करून ठेवली होती, फक्त इन्शुलिन निघायचं बाकी होतं.

साडीवर टोपीवालं अनोरॅक जाकीट, पायात मोजे आणि बूट. ध्यान दिसत असणार. पॅट म्हणाली, 'ओह, लव्हली! इज इट दिवाली?'

हो म्हटलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

पॅट — 'दिवाली अगेन?'

रविवार, १९ मार्च

लीलावतीकाकूंचा फोन. पाडव्याला गुढीच्या पूजेला यंदा आम्ही दोघं यजमान. विचारायची पद्धत नाही काकूंची, कळवायची आहे.

काकू एक्याऐंशीच्या. मंडळ स्थापन करणाऱ्यांतल्या उरलेल्या त्या एकट्या. बुफे त्यांना मान्य नाही — 'हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायला आपण काय तुरुंगात आहोत?' म्हणून चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावून पंगत. काकू येऊन बसल्या, श्लोक झाला, की पहिला घास. त्याआधी शितालाही हात लावायचा नाही.

आणि काकू काय करतात? पानं वाढून झाली, की नेमक्या त्याच वेळी उठतात. 'हात धुऊन येते.' गेल्या की गेल्या! सगळा हॉल वरणभाताकडे बघत बसतो. हात धुवायला एवढा वेळ डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी लागत नसेल. मी सांगते, हा सगळा थाट आहे. महाराणीने शेवटी यायचं असतं.

रविवार, २ एप्रिल

लिहायला हात धजत नाही. लिहिते.

गुढी झाली, पूजा झाली, पियानोपाशी फोटो झाले. पानं वाढली. श्रीखंड दुसऱ्याच कोणीतरी वाढलेलं — वाटीच्या तळाला पुसल्यासारखं. मी यजमानीण, भरजरी पैठणीत. त्यातून काही सरकेना, निघेना, शिवाय दोन्ही बाजूंना माणसं खेटून. उठले आणि टॉयलेट गाठलं. बायकांचं 'आउट ऑफ ऑर्डर'. उरलं ते मोठं, डिसेबल्डचं. त्यात — काकू! दार वाजवलं. आतून 'थांबा!' असा आवाज आला की मी पुन्हा चौथीत गेले.

शेवटी खुर्च्या ठेवायच्या खोलीत घुसले. तिथे चर्चच्या नाताळच्या नाटकाचं सामान. देवदूतांचे पंख, दोन मेंढ्या आणि एक गाढवाचं मुंडकं. त्या गाढवाच्या साक्षीने टोचून घेतलं आणि पळत येऊन पानावर बसले. आता काकू येतील, श्लोक, घास. दोन मिनिटांचा प्रश्न.

काकू आल्या नाहीत. भोंगा आला!

त्या टॉयलेटात दोन दोऱ्या लोंबतात. पांढरी दिव्याची, लाल मदत मागायची. काकूंनी लाल ओढली! हॉलभर किंचाळणारा भोंगा. केअरटेकर धावला, देवस्थळी धावले, निम्मी कमिटी दाराशी. केअरटेकर म्हणतोय, 'मॅडम, प्लीज अनलॉक द डोअर!' आतून काकू, 'मला काही झालेलं नाही! आत यायचं नाही कोणी!' वीस मिनिटं झाली, काकू दार उघडेनात, भोंगा थांबेना.

इकडे माझी साखर उतरायला लागली, कपाळावर घाम. मग हात थरथरायला लागले. कोशिंबिरीच्या दोन कोशिंबिरी दिसू लागल्या. ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्ये आणि पर्स गाढवापाशी. उठायला पायच नाहीत. राजीवला कसंबसं म्हटलं, 'मी खातेय.'

तो म्हणाला, 'श्लोक तरी होऊ दे गं.'

तीस वर्षांचा संसार!

खाल्लं मी. चमच्याने नाही, बोटांनी. माझी वाटी संपवली. राजीवची संपवली. मग डावीकडे सेक्रेटरींची वाटी होती. आणि नेमक्या त्याच क्षणी भोंगा थांबला. त्या शांततेत अख्ख्या मंडळाने पाहिलं — यजमानीणबाई सेक्रेटरींच्या वाटीत बोटं घालून बसल्यात!

काकू टॉयलेटच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. येऊन बसल्या आणि श्लोक सुरू केला. राजीव घाईघाईने सगळ्यांना सांगत सुटला, 'कालपासून उपास होता तिचा.' पाडव्याला उपास! हुशार माणूस.

घरी येऊन रडले. आज खरंच काही झालं असतं. आणि तरीसुद्धा, कोशिंबिरी दोन दिसत असताना, मला पहिली भीती कसली वाटली? लोक बघतील. याची मला चीड आली आहे.

मंगळवार, ४ एप्रिल

राजीवने मालविकाला सांगितलंच. लेक मँचेस्टरहून फोनवर अर्धा तास कडाडली. 'आई, तू मरली असती! एक श्लोकसाठी! लोक काय म्हणेल, लोक काय म्हणेल — हू केअर्स!' व्याकरण कच्चं, पण मुद्दा पक्का.

मंडळातूनही फोनवर फोन. बीपी असेल, थायरॉइड असेल, राजीव घरी खायला देत नसेल. काकूंचा फोन सगळ्यात छोटा. 'बरी आहेस?' एवढंच, आणि ठेवला. टोमणाच असणार.

शनिवार, १३ मे

मालविका आली आहे ती मला शिकवायला. वॉटफर्डजवळच्या गार्डन सेंटरच्या कॅफेत नेलं. हुकूम असा, की टॉयलेट नाही, पदर नाही, सरळ टेबलावर. अंगात शर्ट आणि ट्राउझर्स!

सूप आलं. राजीव लगेच शेजारच्या कुंडीतल्या पामकडे तोंड करून बसला. मी शर्ट जरासा वर केला, टोचलं, मनात दहा मोजले. जमलं! तेवढ्यात पलीकडचा म्हातारा म्हणाला, 'कुडन्ट यू डू दॅट इन द टॉयलेट?' मी लाल झाले आणि सॉरी म्हटलं. सॉरी! मालविका उठून भांडायला निघाली होती, तिला पामने — म्हणजे राजीवने — धरून बसवलं.

उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, भांडी घासताना. इतकं झणझणीत होतं की दोन बश्या जास्तच स्वच्छ निघाल्या.

बुधवार, १९ जुलै

उकाडा असह्य. साडी नेसवेना. उन्हाळी टॉपमध्ये गेले आणि पॅटच्या देखत टोचलं. काय म्हणेल ते म्हणो! 'ओह, इज दॅट ऑल?' पॅट म्हणाली. 'त्या साड्या बघून आम्हाला वाटलं, तुला एकाएकी देव सापडला.'

शनिवार, २६ ऑगस्ट

उद्या मंडळाचा गणपती. उद्याच. सगळ्यांसमोर, पंगतीत. पातेलं गेलं तर गेलं.

मालविकाला फोन केला, तर म्हणाली, 'प्राऊड ऑफ यू, आई.' तिला म्हटलं, आधी होऊ दे, मग हो प्राऊड.

रविवार, २७ ऑगस्ट

काय सांगू!

आरत्या संपल्या — एकेकाला एकेक जास्तीची आठवत होती — आणि पानं वाढली. काकू नेहमीप्रमाणे हात धुवायला. मी या वेळी शहाणी, त्या परत येईपर्यंत थांबले. काकू येऊन अगदी समोर बसल्या. श्लोक सुरू झाला. मी पर्समधून पेन काढलं, ताटाशेजारी ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. सुई लावली. पदर बाजूला केला, अगदी उघड, आणि टोचलं!

आणि?

काही नाही! कोणी बघितलंच नाही! निम्मे डोळे मिटून श्लोक म्हणत होते, निम्मे मोदक कोणाचा मोठा ते बघत होते. सेक्रेटरींनी आपली वाटी माझ्यापासून लांब सरकवली तेवढीच. मी पेन हातात धरून जरा वेळ तशीच बसले, कोणी काही विचारेल म्हणून. काकू पापडाकडे बघत होत्या. शेवटी शेजारची म्हणाली, 'सुप्रभाताई, ते पेन झालं की द्या हं, एक फोन नंबर लिहायचाय.'

सहा महिने झुरले मी! साड्या नेसले, गाढवासमोर उभी राहिले! आणि या लोकांना ढुंकून बघायला सवड नाही! इतका अपमान पाडव्यालासुद्धा झाला नव्हता.

राजीव हसतोय. हसू दे. मीही मघाशी हसले, पण त्याला कळू दिलं नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर

मंडळाचं दिवाळीचं जेवण. पंगत ठरल्या वेळेला बसली! राजीव म्हणतो, आज पहाटे घड्याळं तासभर मागे गेली म्हणून. तसं नाही. काकू हात धुवायला गेल्याच नाहीत. सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या, बटवा उघडला, त्यातून पेन काढलं, पदर सारला आणि टोचून घेतलं. जिलबीचं ताट घेऊन मी समोर उभी, तोंड उघडं.

'बघतेस काय? अकरा वर्षं झाली. पाडव्याला दोन्ही हात गुंतलेले होते, तोल गेला आणि ती मेली लाल दोरी हातात आली. गणपतीत तुला पाहिलं. म्हटलं, ही करते तर मी का नको?'

'पण काकू, मला कधीच का सांगितलं नाहीत?'

'तुला? तू हॉलभर ओरडली असतीस.'

त्यांना जिलबी वाढली आणि पुढे सरकले. देवस्थळींच्या पानाशी थांबले. हळूच विचारलं, 'वाढू का?'

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मी कोणाला विचारतेय ते.