दारात अनोळखी व्यक्ती

१० ऑगस्ट, रविवार
मोठी बातमी. यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे, सुदामा नगरला. इतकी वर्षं तुकोगंजला दादाकडे बसायच्या. पण मनोरमावहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वाकणं बंद. म्हणाल्या, यंदा मंजुषाकडे बसवून बघू, नीट झालं तर कायमच्या तिकडेच. मंजुषा फोन ठेवून ओट्याशी नुसती उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा कुठेच नव्हता.
तिला शब्द दिला: तू फक्त पूजा कर, बाकी सगळं घर सांभाळेल. स्मार्ट घर. म्हणजे मी.
ती म्हणाली, अहो, तुम्ही काही करू नका, एवढंच करा.
थकली आहे बिचारी.

१३ ऑगस्ट
रोबो आला. गोल, काळा. केर काढतो, फरशीही पुसतो. स्पृहाने त्याचं नाव कासव ठेवलं. मुलगी सीए होणार आहे, पण टेक्नॉलॉजीबद्दल आदर नाही. पहिल्याच फेरीत सोफ्याखालून वाटीभर शेव निघाली. दुसऱ्या फेरीत त्याच्या चाकातून.
संकल्प: महालक्ष्म्या होईपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही.

१६ ऑगस्ट
स्मार्ट लॉक आणि कॅमेऱ्याची बेल घेतली. संकल्प मोडलेला नाही. दोन्ही वस्तू संकल्पाच्या आधीपासून कार्टमध्ये होत्या.
चावीची झंझटच संपली. दार ओढलं की आपोआप बंद, फोनवरून उघडायचं. बेल चेहरे ओळखते आणि कोण आलंय ते फोनवर नाव घालून सांगते. पहिला माझा चेहरा शिकवला. शेजारचा समीर आला, बेलकडे बघून म्हणाला, भिया, मैं तो आवाज देके आ जाता था, अब क्या आधार दिखाऊँ? बेलने त्याला ‘अनोळखी व्यक्ती’ म्हटलं. शिकेल हळूहळू.

२४ ऑगस्ट
गंभीर मतभेद. मंजुषा म्हणते, त्या दिवसांत कासव कपाटात. मी म्हणतो, पाहुण्या येणार, घर चकाचक हवं, इंदूरची इज्जत आहे. म्हणाली, बायका काय फरशी चाटायला येणार आहेत का?
शेवटी मी हो म्हणालो. आणि ३१ तारखेला संध्याकाळी पाचचं शेड्यूल लावून ठेवलं. सरप्राइज.

३१ ऑगस्ट, सकाळ
मायलेकींनी दारापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढली, वर हळदकुंकू. सुरेख. तासभर ओणव्या होत्या. मी फोटो काढले. ॲपमध्ये सगळे दिवे हिरवे. सगळं कंट्रोलमध्ये.

त्याच दिवशी, सगळं झाल्यावर
मुखवटे तुळशीपासून वाजतगाजत आणायचे, म्हणून सगळे अंगणात. शेवटी मी. दार माझ्यामागे ओढलं गेलं. खट्. ऑटो-लॉक उत्तम चालतं.
मंजुषा आणि वहिनी एकेक मुखवटा घेऊन दारात. स्पृहा थाळी वाजवतेय. मी फोन काढला. सूचना: दारात अनोळखी व्यक्ती. खाली लॉकची सूचना: अपडेट होत आहे, कृपया प्रतीक्षा करा.
रिवाजाप्रमाणे वहिनींनी विचारलं, कोण आली? मंजुषा म्हणाली, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. मग आत का जात नाही?
हे शेवटचं रिवाजात नव्हतं. ते वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं.
चावी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती. अगदी सुरक्षित.
समीर भिंतीवरून डोकावला. भिया, माताजी को पीछे से ले आओ, चौके का दरवाज़ा खुला है. वहिनी म्हणाल्या, लक्ष्मी मागच्या दाराने येत नाही हो, निघून जाते. मग तोच मागून आत गेला आणि पुढचं दार उघडून बाजूला झाला. म्हणाला, भिया, अंदर तो होली हो गई.
पाच वाजून गेले होते. कासव वेळेचं पक्कं.
आधी पावलं झाडली. मग ओला मोड. कुंकवाचे पट्टे हॉलमधून बेडरूममध्ये, तिथून पलंगाखाली. दारात एकही पाऊल नाही.
मंजुषा मुखवटा छातीशी धरून उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
वहिनी म्हणाल्या, पावलं काढल्याशिवाय आत जायचं नाही. पण त्या दोघींनी मुखवटे खाली ठेवायचे नाहीत. स्पृहाने थाळी थांबवायची नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
कालवलेल्या कुंकवात मूठ बुडवायची, कड टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. मंजुषा मागून हळू आवाजात सांगत होती, अंगठा आतल्या बाजूला, अहो, आतल्या. पहिली दोन्ही पावलं डावीच पडली. माझी मूठ मोठी. पैलवान आत शिरल्यासारखं दिसायला लागलं. वहिनी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, भावजी, असल्या पावलांची लक्ष्मी लवकर उठायची नाही.
मंजुषा हसली. मुखवटा हलेपर्यंत हसली.
निष्कर्ष: टीमवर्क.

१ सप्टेंबर
पुरणपोळी, सोळा भाज्या. कासव कपाटात. मला पाटावरून हलायला मनाई.

२ सप्टेंबर
निरोप दिला. वहिनींचा निर्णय: महालक्ष्म्या कायम मंजुषाकडे. या वेळी ती कांद्याचं नाव न काढता रडली. एकंदर प्रयोग यशस्वी.
अटी किरकोळ. त्या दिवसांत दाराला साधं कुलूप. आणि कासव तुकोगंजला, आजच. वहिनी म्हणाल्या, मला वाकता येत नाही, मला उपयोगी पडेल. मी स्पष्ट सांगितलं, त्याला टेक्निकल माणूस लागतो. दोन दिवसांत परत येईल.

१४ सप्टेंबर, रविवार
वहिनींचा फोन. कासव एकदाही अडकलं नाही. त्यांनी नाव बदललंय: धाकटे भावजी. म्हणाल्या, हे सांगितलेलं ऐकतात.
सध्या इथला केर मी काढतो. तात्पुरता. घराचा मॅप मला आता पाठ आहे. सोफ्याखाली शेव निघाली. पलंगाखाली अजून थोडं कुंकू आहे, ते राहू दिलं.
कचरागाडी आली म्हणून डबा घेऊन निघालो. धूळ नको म्हणून डोक्याला मंजुषाची ओढणी. उंबऱ्यावर फोन वाजला.
दारात अनोळखी व्यक्ती.
फोटो उघडून पाहिला. मी होतो.