लाईट गेली म्हणजे बंद झालं न्हाई

पप्पा, आज दुपारी मी तुमच्या आवाजात ओरडलो. फोनवर, आपल्या बारकीवर. "हात काढ आधी! काढ म्हनतो ना, मुडदा पाडून घेती का सोताचा?" दुकानातल्या चौघांनी माना वर केल्या. इथं दिल्लीत मला मराठी बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं, आणि मी एवढ्या जोरात ओरडू शकतो हे मलाही माहीत नव्हतं. क्षणभर वाटलं, तुम्हीच मागं उभे आहात, अँटेनाची वायर दुहेरी करून. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली तरी पाठ आपोआप आवळली. कोण मेलं नि कोण जिवंत आहे, ते पाठीला कळत नाही.

बारकी आता अठराची झाली. आयटीआयला जाते, इलेक्ट्रॉनिक्सला. वर्गात दोनच पोरी आहेत आणि दुसरी हिला घाबरून असते. तिनं कुणाकडून तरी जुना व्हिडिओ गेम घेतलाय, टीव्हीला जोडायचा, जाडजूड डबा. दहा मिनिटं चालतो, तापतो, बंद पडतो. तिला तो उघडून साफ करायचा होता, पंखा बदलायचा होता, आतली डिस्क काढून मोठी टाकायची होती. मी इथं हेच काम करतो, दिवसाला आठ-दहा डबे उघडतो, म्हणून मला व्हिडिओ कॉल लावला. बघतो तर फरशीवर चादर अंथरलेली, डब्याचं झाकण निघालेलं, आत तिचा हात, आणि मागं भिंतीवरच्या बोर्डात पिन तशीच. बटणसुद्धा चालू. म्हटलं, पिन बोर्डात काहून हाय? तर म्हणते, "अरे लाईट गेली हाय ना. चारपर्यंत येत न्हाई, मेसेज आलाय. म्हनून तर आत्ता उघडून राहिले." तेव्हा मी ओरडलो. ती काही घाबरली नाही, हात मात्र बाजूला घेतला. "दादा, वरडू नको. वरडणारे इथं फुकट मिळतात. काय करायचं ते सांग."

चूक तिची नाही. आपल्याकडं सगळेच असं करायचे. लाईट एकला जाणार नि चारला येणार हे गावातल्या लेकरालाही पाठ. कळमनुरी रोडवरचे सगळे मिस्त्री त्या तीन तासांसाठी कामं बाजूला काढून ठेवायचे. मिक्सर, कूलर, टीव्ही, सगळ्यांची झाकणं एकदमच निघायची, आणि पिन बोर्डातच, बटण चालूच. का, तर लाईट आली की कळावं म्हणून. तुम्ही एकटेच पिन काढून मांडीवर घेऊन बसायचात. समोरचा पानवाला रोज विचारायचा, "काय मिस्त्री, झोपलं का लेकरू?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "लाईट गेली म्हणजे बंद झालं न्हाई. पिन माझ्या हातात आली, तवा बंद." मला तेव्हा त्या मांडीवरच्या पिनीची लाज वाटायची. वाटायचं, माझा बाप एवढा भित्रा कसा.

बारा वर्षांपूर्वीची दुपार: मी चौदा वर्षांचा आहे. शाळा आठवीतच सुटलेली. कळमनुरीच्या एका गेमवाल्यानं त्याचा डबा आपल्याकडं टाकलाय आणि तुम्ही मला बजावलंय की त्याला हात लावायचा नाही. तुम्ही साखरा गावाला टीव्ही पोचवायला गेलात. एक वाजला, लाईट गेली. मी कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिलं होतं की आत मोठी डिस्क टाकता येते, आणि मला ती तुम्ही यायच्या आत टाकून दाखवायची होती. बारकी सहा वर्षांची, शेजारी पाय पसरून मुरमुरे खात बसलेली. मी झाकण काढलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण डिस्कची वायर आतल्या पत्र्याच्या पेटीखाली अडकली होती, जिथं घरातली लाईट येऊन बारीक होते ती पेटी. मी तिचंही झाकण काढलं. पत्रा सारखा वर येत होता, म्हणून बारकीच्या हातात पेचकस दिला. "इथं दाबून धर. हलू नको." तिनं मुरमुरे खाली ठेवले, फ्रॉकला हात पुसला आणि दाबून धरला. अडीचला लाईट आली.

आवाज फटाक्यासारखा झाला. मग जळक्या कातड्याचा वास आणि मग तिचं ओरडणं, याच क्रमानं. तुमची गाडी तेवढ्यात दारात आली होती. तुम्ही आधी पिन उपटली, मग तिला उचललं, ओल्या टॉवेलात हात गुंडाळला, आईच्या मांडीवर टाकून रिक्षा दवाखान्याकडं धाडली. तिच्यासोबत गेला नाहीत. आत आलात आणि शटर ओढलं.

वायरीचे किती बसले ते सांगत नाही, मोजले नव्हते. मी टेबलाखाली शिरलो, पायाला धरून ओढून काढलं. अंगातला शर्ट फाटला तेव्हा तुम्ही वायर टाकून दिली आणि मला वाटलं संपलं. तुम्ही फळीवरून दुसरी तसलीच उघडी पेटी काढली. पिन लावली, पाचपर्यंत मोजलं, पिन काढली. "आता बंद हाय ना? तुझ्या डोळ्यानं पाह्यलं ना? मग लाव हात." मी नाही म्हणत होतो, पाया पडत होतो. तुम्ही माझं मनगट धरून बोटं आत टेकवली. खांद्यापर्यंत कुणीतरी आतून करवत ओढल्यासारखं झालं. मी मागं फेकलो गेलो, फळीची कड तोंडावर बसली, पुढचा दात गेला. तुम्ही वर उभे राहून म्हणालात, "पिन काढल्यावरबी आत राहतंय. कळलं? आता मरेपर्यंत इसरणार न्हाई." विसरलो नाही. पण पप्पा, तुम्ही हे तोंडानं सांगितलं असतं तरी माझ्या लक्षात राहिलं असतं. मी एवढाही ढ नव्हतो.

संध्याकाळी आई आली, सोबत मामा. बारकीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वरच्या पेरापर्यंत गेलं होतं. गल्ली जमली. मामानं विचारलं, "पिन कोनी ठेवली व्हती?" माझ्या तोंडात रक्त होतं, सगळे माझ्याकडं दयेनं बघत होते. मी म्हणालो, "पप्पांनी. जाताना काढायची इसरले. मला म्हनले उघडून ठेव." तुम्ही शटरला टेकून उभे होतात. माझ्याकडं पाहिलं. मामानं सगळ्या गल्लीसमोर तुमच्या थोबाडीत मारली, एकदा नाही, दोनदा. रस्त्यानं जाणाऱ्याशी भांडण उकरून काढणारे तुम्ही, हात वर केला नाहीत. पानवाला म्हणाला, "आन् हा मिस्त्री आमाला पिन शिकवत व्हता." तेव्हाही गप्प. काहून? मला मारलं त्याची ही फेड होती का? का बापाचं म्हणणं कुणी मानलं नसतं, म्हणून? तिकडून येताना मी हा प्रश्न घेऊन आलो आणि इथं कुणाला विचारायचा ते कळत नाही.

बारकी त्याच गोष्टीवर वाढली. तुमच्या हातचा चहा घ्यायची नाही. तुम्हाला पप्पा म्हणणं सोडलं, "ते" म्हणायची. ते आले, ते जेवले. मी ऐकत राहायचो. तीन वर्षांनी, दुकानात दोघंच असताना, तुम्ही पहिल्यांदा विचारलं. ओरडून नाही. सोल्डरिंग करता करता, खाली बघून: "पिन कोनी ठेवली व्हती रे?" मी लोखंडी स्टूल उचललं आणि तुमच्या हातावर घातलं. डोक्यावर घालणार होतो, तुम्ही हात मधे आणला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तुम्ही बाहेर सगळ्यांना सांगितलं की गाडी घसरली. मी त्याच आठवड्यात हिंगोली स्टेशनातून गाडी पकडली. प्लास्टर निघाल्यावर हात थरथरायला लागला, असं आईनं फोनवर सांगितलं होतं. सोल्डरिंग जमेना. मग दुकान गेलं, मग तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला आलो, एक दिवस राहिलो, तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि परत फिरलो.

इथंही मी मारतो, पप्पा. मागच्या महिन्यात माझ्यापेक्षा वयानं मोठा एक कारागीर पिन न काढता डबा उघडत होता. मी त्याच्या कानाखाली असा वाजवला की त्याचा चष्मा काउंटरच्या पलीकडं जाऊन पडला. मालक म्हणाला, "मुँह से नहीं बोल सकता क्या?" मला वाईट वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं होतं.

म्हणून आज ओरडल्यावर मी फोन लांब धरला, पाणी प्यालो आणि तिला हळू आवाजात सांगितलं: पिन काढ. मग डब्याचं बटण थोडा वेळ दाबून धर, आणि लगेच हात घालू नको, जरा थांब. चादर काढ, लाकडी टेबलावर घे, आणि आत बोट लावायच्या आधी कूलरच्या लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते. प्रत्येक स्क्रू काढला की फोटो काढ, आणि स्क्रू ज्या जागेचा त्या जागेवर, एका पुठ्ठ्यावर डब्याचं चित्र काढून त्यात खोचून ठेव, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतल्या सर्किटच्या पाटीला भोक पडतं. चपटी वायर ओढू नको, तिचं कुलूप आधी नखानं उचल. पत्र्याची पेटी उघडायचीच नाही. काहीही झालं तरी नाही. पंखा आणि डिस्क तिच्याशिवाय निघतात. आणि जुन्या डिस्कमधलं सगळं आधी दुसरीकडं उतरवून ठेव. नवीन डिस्क लावल्यावर आत सिस्टीम चढत असताना लाईट गेली तर डबा कायमचा मरतो, म्हणून ते काम शेजारच्या इन्व्हर्टरवर कर.

"बाकी समदं करते," बारकी म्हणाली, "पन पिन कशाला? लाईटच न्हाई तर."

"लाईट गेली म्हणजे बंद झालं न्हाई. पप्पा सांगायचे."

ती हसली. पप्पा, तिचं हसू तुमच्यासारखं आहे, नाकातून. "कोन सांगायचं? ज्यांनी सोता काढली न्हाई, ते?" आणि ते पेर नसलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे बघ तुझ्या पप्पांची शिकवन." आणि पेचकस घेऊन पुन्हा डब्यावर वाकली.

तिथं मला कळलं की बारा वर्षांपूर्वी मी तुमचं नाव नाही, तुमचा तो एक नियम मारून टाकला होता. तो तिच्या कामाचा होता आणि तिच्याच घरात त्याला किंमत उरली नव्हती. मी म्हणालो, "मी ठेवली व्हती." ती म्हणाली, "काय?" "पिन. मी ठेवली व्हती. त्यांनी हात लावू नको म्हनून सांगितलं व्हतं. पेचकस मीच तुझ्या हातात दिला. तू मुरमुरे खात व्हतीस." दुकानातले चौघे पुन्हा माझ्याकडं बघत होते. मला रडू आलं नाही. मला कुणालातरी मारावंसं वाटत होतं, आणि समोर फोनच होता.

तिनं पेचकस खाली ठेवला. मग उठली. पडद्यावर नुसता डबा दिसत होता. पिन काढल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा येऊन बसली. एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही, आईवरून होती आणि आई तर दोघांची एकच आहे. मग म्हणाली, "किती वेळ थांबायचं म्हनला व्हतास?"

पंखा बसला. डिस्क बसली. लाईट बरोबर चारला आली, मेसेजमधे होतं तशीच. पिन बोर्डात राहिली असती तरी आज काही झालं नसतं. मी बसून हाच हिशेब करत होतो तर ती म्हणाली, "दादा, मंग त्यांचा हात? गाडीवरून पडले म्हनायचे, तेबी असंच हाय का काही?"

मी म्हणालो, न्हाई, ते खरंय. गाडीच घसरली होती.

हे तुम्ही स्वतः सांगितलेलं होतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं, असं लिहिणार होतो. पण कागद कुठं जाणार नाही, तर खोटं कशाला लिहू. मी तिला भ्यालो, पप्पा.