विहीणबाईंना वुहान दाखवलं

३ सप्टेंबर, मंगळवार

आली! चार दिवसांसाठी येते म्हणाली होती आणि बॅगा तीन!

हानखौ स्टेशनबाहेर मी तिचा चेहरा शोधत होते, त्याआधी आवाजच आला. फोनवर असताना कान लांब धरावा लागतो, तोच. "विहीणबाई!" न्यायला आलेल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. लग्न अजून व्हायचंय, पण तिने मला विहीणबाई करूनसुद्धा टाकलं.

एका बॅगेत आंबवलेल्या कोबीची बरणी. शेनयांगहून इथवर नऊ-दहा तास ती बरणी हळूहळू झिरपत आली. आता माझ्या बैठकीच्या खोलीला त्या कोबीचा वास.

ठरलं होतं काय? आमची मिन आणि तिचा लेइ दोघं शेनझेनहून येणार, दोन्ही घरं एकत्र जेवणार, तारीख ठरणार. काल मिनचा निरोप — कामात अडकलेय, नाही जमणार. लेइचंही तेच. लग्न त्यांचं आणि पाहुणचार माझा! मीच सांभाळतेय.

थोंगबाई, म्हणजे ह्या विहीणबाई, चौसष्टच्या. लेइ सहा वर्षांचा असताना नवरा गेला. कारखान्यात क्रेन चालवायच्या. वरून खाली ओरडून ओरडून आवाज असा झाला, म्हणाल्या. आता खाली आहात की, बाई!

४ सप्टेंबर, बुधवार

मी फिश बॉल केले होते, सूप शिजत होतं. म्हटलं आज निवांत बसू, लग्नाचं बोलू. छे! सात वाजता बाई टोपी घालून दारात. "आधी क्रौंचाचा मनोरा!"

आमचे हे मात्र पहाटेच गळ घेऊन तळ्यावर पसार. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढ्या लवकर उठलेले पाहिले नव्हते.

वाटेत नूडल्स घेतले. आम्ही वुहानचे लोक सकाळी वाटी हातात धरून चालता चालता खातो. थोंगबाई रस्त्याच्या मध्यात थांबल्या. "उभ्याने घोडा खातो!" मग फळवाल्याच्या पायरीवर बसून सावकाश खाल्ले. तो बिचारा बाजूला उभा.

छत्तीस अंश ऊन. मनोऱ्यात शिरल्याबरोबर खांबावर टकटक. "हे तर सिमेंटचं!" मी म्हटलं, जुना जळला, हा चाळीस वर्षांपूर्वी बांधलाय. "आणि लिफ्ट!" मग लिफ्टनेच वर गेल्या. वरून नदी पाहून म्हणाल्या, "आमच्याकडचा राजवाडा खऱ्या लाकडाचा आहे."

मी तीस वर्षं आठवीच्या पोरांना गणित शिकवलंय. गप्प बसायला शिकलेय. पण पोरं पंचेचाळीस मिनिटांनी घरी जात.

५ सप्टेंबर, गुरुवार

लाल कोठी. बादशाही उलथवण्याची सुरुवात जिथून झाली ते स्मारक. मी शाळेच्या सहली घेऊन इथे निदान वीसदा आलेय, कधी तासापेक्षा जास्त लागला नाही. आज साडेतीन! एकेक पाटी मोठ्याने वाचली. माहिती सांगणाऱ्या गणवेशातल्या पोरीला विचारलं, "ह्या खुर्चीवर कोण बसायचं? आणि त्या? आणि ती मोडकी?"

दुपारी मी विषय काढला. म्हटलं, जानेवारीतली एखादी तारीख बघूया का? "ते समोर काय आहे? पुतळा? चला!"

पाय सुजलेत माझे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

ताओ पंथाचं देऊळ. प्रत्येक देवापुढे गुडघे टेकले. प्रत्येक! आडनाव-गावासकट काहीतरी पुटपुटत होत्या. तिथल्याच शाकाहारी खानावळीत जेवलो. बदक म्हणून आणलेलं बदक नव्हतं, सोयाबीनचं होतं. "मांस खायचं नाही तर मांसासारखं करायचं कशाला?" वाढणाऱ्याला विचारलं. तो हसला. मग तीन प्लेटी संपवल्या.

पुन्हा मी लग्नाच्या हॉलचा विषय काढला. पुन्हा "उद्या कुठे जायचं?"

चौथा दिवस. जायचं नाव नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

आज नीट लिहिते.

थोंगबाई अंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा मिनचा फोन. मी स्वयंपाकघरात दार लावून तक्रारी सुरू केल्या — कोबी, सिमेंट, पाय. ती मध्येच म्हणाली, "आई, तू कुणाला फिरवतेयस?"

"तुझ्या सासूला!"

"आई, आम्ही संपवलं. दोन आठवडे झाले."

मी स्टुलावर बसले.

"लेइ आईला सांगणार होता. ती येणारच नाही असं मला वाटलं. बोलण्याचा त्याला धीर झाला नसेल. असाच आहे तो, म्हणून तर..." आणि रडायला लागली. मिन! जी शाळेत पडून हात मोडला तेव्हाही रडली नव्हती.

"का?" विचारलं. म्हणाली, "भांडणच होत नाही त्याच्याशी. मी बोलते, तो मान हलवतो. भिंतीशी किती दिवस बोलायचं?"

"मग मी आता या बाईचं काय करू?"

"तूच सांग ना तिला."

मी सांगू! लेकाने सांगितलं नाही, लेकीने सांगितलं नाही, आणि मी सांगू! चौसष्ट वर्षांच्या विधवेला, तिचा टॉवेल माझ्या गॅलरीत वाळत असताना!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे उद्या तळ्यावर जायला नको का?" तेवढंच सुचलं त्यांना. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे तिला सुखाने. गाडीत बसली की लेक सांगेल."

तेच करते.

८ सप्टेंबर, रविवार

वीणेचा चबुतरा. इथे एक वादक वाजवायचा आणि त्याचं वाजवणं फक्त एका लाकूडतोड्याला कळायचं. तो मित्र मेला तेव्हा वादकाने वीणा फोडली. आमच्याकडे पोरापोराला ही गोष्ट ठाऊक. मी सांगितली, जरा गहिवरूनच — मन कालपासून हळवं झालंय.

थोंगबाई म्हणाल्या, "वेडाच होता. चांगली वीणा फोडली. दुसरा ऐकणारा शोधायचा."

दोन दिवस दया येत होती. आज संध्याकाळपर्यंत गेली.

तरी रात्रीच्या सूपमधली मोठी हाडं त्यांनाच वाढली.

९ सप्टेंबर, सोमवार

पाऊस नाही, वारा नाही, सुटका नाही. आणखी एक स्मारक. कुठलं ते लिहायचाही कंटाळा आलाय.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज ग्वेइयुआन मंदिर. तिथे पाचशे अर्हतांच्या मूर्ती. आत शिरायचं, कुठलीही एक धरायची, तिथून आपलं वय होईपर्यंत मोजायचं. ज्याच्यापाशी थांबू त्याच्या नावाचं भाकीत घ्यायचं.

थोंगबाई चाळीसला चुकल्या. पुन्हा दारापासून. मग बावन्नला एक बाई मध्ये आली. पुन्हा दारापासून! तिसऱ्यांदा मीच मोठ्याने मोजत बरोबर चालले, पाढे म्हणावेत तशी. चौसष्ट! चिठ्ठी निघाली — खाण्यापिण्यात जपावं.

बाहेर उदबत्त्या विकणारी म्हातारी आमच्याकडे पाहून म्हणाली, "विहिणी विहिणी ना? चालण्यावरून कळतं. कधी आहे लग्न?"

अशा वेळी माणूस हसून काहीतरी बोलतंच. मी बोलले नाही. आणि थोंगबाईही बोलल्या नाहीत! ज्या बाईचं तोंड आठ दिवस मिटलं नव्हतं!

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू की मला आवाज अनोळखी वाटला.

"शनिवारी. तुम्हाला?"

"शानहायग्वान स्टेशन गेल्यावर. गाडीत."

म्हणजे येतानाच! माझ्या दारात पाऊल टाकण्याआधी!

शेजारच्याच कासवांच्या तळ्याच्या कठड्यावर बसलो. म्हणाल्या, लेइचा फोन आला तेव्हा गाडी भरधाव होती. "तीन बॅगा घेऊन मध्येच कुठे उतरू? आणि परत कशी जाऊ? बिल्डिंगमधल्या बायकांनी निघताना डंपलिंग करून खाऊ घातले. सहाव्या मजल्यावरची पांगळी म्हातारीसुद्धा खिडकीत येऊन हात हलवत होती. चार वर्षं सगळ्यांना सांगतेय, माझ्या लेइचं लग्न होणार म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही स्टेशनवर उभ्या होतात. केस रंगवून आला होतात."

रंगवले होते. खास.

"घरी बसले असते तर लग्नाचं बोलावं लागलं असतं. देवळात आणि स्मारकात कुणी लग्नाचं बोलत नाही, म्हणून हिंडवत होते तुम्हाला. पाय दुखतात हो माझे! रोज रात्री मलम लावतेय."

मला इतकं हसू आलं की म्हातारी उदबत्त्या बाजूला ठेवून आमच्याकडे बघत बसली.

११ सप्टेंबर, बुधवार

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून निवांत निघालो. हानखौच्या काठावरचं महापुराचं स्मारक. चोपन्न साली माझे वडील या बांधावर माती टाकत होते. ते सांगितलं. थोंगबाईंनी ऐकून घेतलं, राजवाड्याचं नावही काढलं नाही. सावलीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो. शेजारी नदीतून पोहून आलेले चार-पाच म्हातारे अंग पुसत होते.

मग त्या म्हणाल्या, "आता व्याह्यांचं नातं उरलं नाही. खरं बोलू?"

मी म्हटलं, बोला. तिथेच चुकलं.

"तुमची मिन हुशार आहे. पण तिच्यापुढे माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. वसंतोत्सवात आली होती. माझ्या लेइने भांडी घासली, तिने सगळी पुन्हा घासली. त्याच्यासमोर!"

"तुमचा लेइ एकतीस वर्षांचा आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे जेवताना त्याने तुम्हाला तीनदा फोन केला. माशात कोथिंबीर आहे, खाऊ का म्हणून!"

"बरोबर बोलतायत!" एक म्हातारा.

"कोण बरोबर?" दुसरा.

"दोघी!"

तिथेच थांबायला हवं होतं. पण थोंगबाई म्हणाल्या, "मिन अशी का, ते या आठ दिवसांत कळलं मला. तुम्हीही तशाच. तोंडावर 'घ्या ना, घ्या ना' आणि मनात सगळं टिपून ठेवता."

मला चटका बसला. कारण ही वही उशीखाली होती.

"आणि तुम्ही पोराला असं धरून ठेवलंत की त्याला स्वतःचं 'नाही' म्हणता येत नाही. मिनलाही नाही, तुम्हालाही नाही! तुम्ही गाडीत बसून कितीतरी वाट कापलीत तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं!"

त्या बियांची पिशवी बंद करत राहिल्या. दोनदा, तीनदा.

"धरायला दुसरं होतं कोण?" म्हणाल्या.

म्हातारे कपडे उचलून लांब गेले.

मला माफीही मागता आली नाही, कारण बोलले ते खरंच वाटत होतं. फेरीबोटीत बसलो तर ती नाकाशी आणि मी शेपटाशी. अर्धी नदी ओलांडली. मग तिकडून आवाज, सगळ्या बोटीला ऐकू जाईल असा — "पेइलान! तो पूल कधीचा गं?"

विहीणबाई नाही. पेइलान. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला नावाने हाक मारली.

"सत्तावन्नचा!" मी इकडून ओरडले. तीस वर्षं वर्गात ओरडलेय, मी काही कमी नाही!

"ऐकू येत नाही, इकडे ये!"

गेले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गेली. सकाळी मी डंपलिंग केले. निघणाऱ्याला डंपलिंग खाऊ घालायचे ही त्यांच्याकडची रीत. कडा सगळ्या उकलल्या. दोन वाट्या खाल्ल्या तरी म्हणाली, "हे डंपलिंग नव्हेत, हे पिठाचं सूप." बरोबर चंद्रोत्सवाचे केक दिले.

स्टेशनच्या दारातून आत जाताना म्हणाली, "बिल्डिंगमध्ये सांगेन. मीच सांगेन. पोराला नाही लावणार."

मी म्हटलं, "लेइला फोन करून रागव एकदा. मनापासून रागव. आणि उलट बोलायला लाव."

"तूही तुझ्या पोरीला काही घासलेलं तसंच राहू दे म्हणावं."

सांगितलं मिनला. संध्याकाळीच, जसंच्या तसं — भांडी, कोथिंबीर, म्हातारे, सगळं. ती हसली का रडली कळलं नाही, फोन ठेवला. मीही थकले होते. लग्न मोडलं ते मोडलं. निदान ह्या वयात एका बाईशी तरी मन मोकळं करून भांडले. परत कधी भेट होणार आहे?

घरात शांतता. कोबीचा वास मात्र आहेच.

१४ सप्टेंबर, शनिवार

मिनचा फोटो आला. ती आणि लेइ, हातात दोन लाल पुस्तिका. काल दुपारी जाऊन लग्नाची नोंदणी करून आले! गुरुवारी रात्री लेइ तिच्या दारात येऊन पहिल्यांदा भांडला म्हणे. दोन तास. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मिन लिहिते, "आई, त्याला बोलता येतं!"

आणि मी तिच्या सासूला काय काय बोलून बसलेय!

पाच मिनिटांनी शेनयांगहून फोन. मी उचलला. मी कान लांब धरून बसले होते.

"विहीणबाई," ती म्हणाली, "बांधावर जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. तूही घेऊ नकोस."

मी म्हटलं, नाही घेणार.