कोणालाच न लागणाऱ्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
सावरवाडीत संगणकचालक म्हणून रुजू झालो. पाथर्डीहून जीपने आलो. सरपंच पंकजाताई खेडकर यांनी हातावर पेढा ठेवला आणि ग्रामपंचायतीचा संगणक माझ्या ताब्यात दिला. राहायला कार्यालयामागचीच खोली आहे. पुढे कडुनिंब आहे, दाराला कडी लागते, आणखी काय पाहिजे? दिवाळी झाली आणि बहुतेक गाव ऊसतोडीला गेलं. घरोघर कुलपं आहेत आणि मागे फक्त म्हातारी माणसं. त्यांचे हयातीचे दाखले करायचे, म्हणजे हे जिवंत आहेत असं वरच्यांना कळवायचं, हेच माझं मुख्य काम. नगरला क्लासमध्ये अकरा वर्षं पोरांना टायपिंग शिकवलं. दोन वर्षांपूर्वी बायको, जया, सोडून गेल्यापासून कशातच मन लागत नव्हतं. आज मात्र लागलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
संगणकावर लिनक्सची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती होती. सकाळी नवी चढवली. झकास! यंत्र आधी सुरू व्हायला चहा होऊन जायचा, आता घोटही होत नाही. चिन्हं गोल झाली आहेत, पट्टी खाली आली आहे, जोडाक्षरं सुबक दिसतात. रुसलेला प्रिंटरही आपणहून बोलू लागला. एकच कटकट आहे. ‘सफाई’ नावाची खिडकी सारखी उघडते. एखादी गोष्ट दुसऱ्या कशाला तरी लागते म्हणून ठेवलेली असते. ती दुसरी गेली की हिचंही काम संपतं. मग खिडकी विचारते : पुढील नोंदी आता कोणालाच लागत नाहीत. काढायच्या? मी ‘हो’ दाबतो. ही यादी जगात कोणी वाचत नाही.
समोरच्या घरातल्या रंगुबाईंनी पाहणी केली. पंचाहत्तरीच्या असतील. मुलगा-सून तोडीवर आहेत. माझी पातेली बघून त्यांनी नाक मुरडलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गावात राहिलेल्या एकतीस जणांची नावं भरली. बाहेर गेलेल्यांचं खातं वेगळं केलं, त्यामुळे प्रत्येक म्हातारं माणूस आता एकटंच कुटुंब म्हणून दिसतं. तालुक्याच्या साहेबांना असंच हवं असतं. सफाईला ‘हो’ म्हटलं. खिडकी मिटता मिटता शेवटच्या ओळीत ‘श्रीमंत दहिफळे’ असं दिसल्यासारखं वाटलं. माझी यादी कुठेतरी मिसळली असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
श्रीमंत दहिफळे सकाळी बाजेवर गेलेले सापडले. मुलाला फोन मीच लावला. मागे ऊस भरण्याचा गलका चालू होता. मुलगा म्हणाला, मुकादमाकडून पैशाची उचल घेतलीय, त्यो सोडत न्हाई, थांबू नका, उरकून घ्या. उरकलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काल यादीत राहीबाई बडे होत्या. वाचलं, पण ‘हो’ दाबल्यानंतर. सवयच तशी आहे, बोट पुढे आणि डोळे मागे. घाईघाईने मेन स्विच पाडला. रात्रभर यंत्र बंद होतं.
आज राहीबाई हापशाजवळ पडलेल्या होत्या. वय झालं हुतं, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
यादीत रंगुबाईंचं नाव आहे. ‘नाही’ दाबलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आज चौदा वेळा ‘नाही’ दाबलं.
त्या कुणाला लागल्या तर यादीतून नाव जाईल, दुसरा उपाय नाही. म्हणून त्यांना म्हटलं, माझं जेवण तुम्हीच करत जा. बरं झालं म्हणाल्या, तुझ्या हातचा भात कुत्रं खायचं न्हाई. तरी नाव जाईना. खोलीत माझा गॅस होता ना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गॅस, पातेली, डबे, सगळं अंगणवाडीला देऊन टाकलं. आता त्यांनी वाढलं नाही तर मी खरोखर उपाशी.
नाव गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
आज यादीत मी आहे. अमृत शेटे.
खाली रंगुबाई. शेजारी टीप : फक्त वरील नोंदीला लागतात.
मला काहीच वाटलं नाही. मग दुसरं नाव पुन्हा वाचलं आणि घाईने ‘नाही’ दाबलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कल्याणला राहणाऱ्या भावाला फोन केला. माझ्यावाचून काही अडलंय का, विचारलं. तो प्रेमानेच बोलला. आमचं सगळं छान चाललंय, काही लागत नाही, तू बिनघोर राहा.
जयाने फोन उचलला नाही.
पंकजाताईंनाही तेच विचारलं. म्हणाल्या, काळजी करू नका, यंत्र आता इतकं सोपं झालंय की पुढल्या महिन्यापासून ग्रामसेवकच बघतील—

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी १२.३५
‘नाही’चं बटण गेलं. खाली लिहिलंय : एक वाजता आपोआप.
बंद करून उपयोग नाही. राहीबाईंच्या वेळी बंदच होतं.

१२.४५
रंगुबाई डबा घेऊन आल्या. त्यांना विचारलं, मी तुम्हाला कशाला तरी लागतो का? खरं सांगा. म्हणाल्या, मला काय लागतंय? पानी मी आनते, सरपन मी फोडते, आजवर कुनापुढं हात पसरला न्हाई.
म्हटलं, आठवून बघा. पाया पडतो.

१२.५२
त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, एक हाय. मी गेल्यावर पोराला फोन करायला कुनीतरी पायजे. त्यो थांबू नका म्हनंल. पन तू थांब. त्यो येईस्तोवर मला उचलू द्यायचं न्हाई. एवढं तुझ्याबिगर कोन करंल?
मी रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. लागतो. मी लागतो—

१२.५७
यादी पुन्हा उघडली. दोन्ही नावं तशीच. टीप बदललीय.
या दोन नोंदी फक्त एकमेकींना लागतात. बाहेरच्या कोणालाही नाही. दोन्ही एकत्र—
त्यांच्या मुलाला फोन लावतोय. रिंग जातेय. त्याने एकदा म्हटलं, आई पाहिजे, तर—
उचलला. मागे ऊस भरण्याचा गलका— ग्रामपंचायतीतून बोलतोय एवढंच म्हटलं, तर म्हणतोय, थांबू न—